ढोलीतला लॅपटॉप

धानाच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून लॅपटॉप बाहेर काढायची वेळ माझ्यावर आली आहे, अन् ज्यांना याचं हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. मलाही आता येतं. तेव्हा नव्हतं आलं.

बुद्धपौर्णिमेचा दिवस होता. पोंभुर्ण्यात आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं दुकान. मी फ्लेक्सची डिझाइनं करते. लग्नाची, वाढदिवसाची, जयंतीची, हिवाळा लागला की नाटकांची. डिझाइन इथे करायचं, फाइल चंद्रपूरला पाठवायची, तिथे छापलेला रोल एसटीत टाकून येतो. त्या दुपारी असाच एक रोल उतरवून घ्यायला मी स्टँडवर गेले होते. लॅपटॉप टेबलावर चालूच होता, कारण पाच मिनिटांत परत येणार होते. एसटी कधी पाच मिनिटांत येते का? पण माणूस असंच म्हणून निघतो.

तेवढ्यात आई विहारातून वंदना आटोपून खिरीचा डबा घेऊन आली. लेकीनं गरम गरम खावी म्हणून घरात न जाता थेट दुकानात शिरली. कूलरच्या वायरीत पाय अडकला, डब्याचं झाकण उडालं, अन् चारोळ्या घातलेली घट्ट गोड खीर कीबोर्डवर पसरली. आईनं पदरानं पुसली, लॅपटॉपचं झाकण लावलं, अन् शेजारच्या काकूंना हाक मारली. काकूंनी सांगितलं, मोबाईल ओला झाला की तांदळात ठेवतात, त्यांच्या जावयानं ठेवला होता.

आता आमच्या घरी तांदूळ असतो डबाभर. बाकी सगळं धान, टरफलासकट, ढोलीत. लागेल तसं गिरणीवर नेऊन कांडून आणायचं. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी कणगी. आईनं डब्यातला तांदूळ पाहिला, लॅपटॉप पाहिला, हा त्यात मावत नाही असं ठरवलं, अन् स्टुलावर चढून तो ढोलीत पुरला. वरून धान सारखं करून ठेवलं.

मी रोल घेऊन आले तर टेबल रिकामं.

"आई, लॅपटॉप कुठी आहे?"

"ढोलीत."

"ढोलीत काऊन?"

"खीर सांडली थोडीशी. तांदळात ठेवा लागते मने. तांदूळ काय अन् धान काय, टरफलाचाच तर फरक."

मी बाहेर काढला तेव्हा त्याच्या फटीफटीत कोंडा लागलेला. खिरीचा चिकटा, अन् वर धानाची धूळ. बटण दाबून पाहायची हिंमतच झाली नाही. बॅटरी आतच होती अन् तो सगळा वेळ चालू होता की बंद, तेही कळायला मार्ग नव्हता. आई कोपऱ्यात उभी होती, तिच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर खिरीनं कडक झालेला. तिला काय बोलणार? पण आतून असा जाळ उठला होता म्हणून सांगू.

एका लॅपटॉपसाठी एवढं काय, असं कोणी म्हणेल, म्हणून सांगते. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई आहे. मारझोड नव्हती, दारू नव्हती, म्हणून कोणाला समजतच नव्हतं की ही आली काऊन. लग्नाआधी मी आयटीआयमध्ये कॉम्प्युटरचा ट्रेड केलेला. सासरच्या गावात एका क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. सोमवारपासून या, म्हणाल्या तिथल्या मॅडम. रविवारी माझा नवरा मला न सांगता त्यांच्याकडे गेला अन् सांगून आला की ती येणार नाही, तिच्या तब्येतीचं काही आहे. घरी येऊन मला म्हणाला, त्यांनी जागा भरली. मी मुकाट्यानं स्वयंपाकाला लागले. कितीतरी महिन्यांनी त्या मॅडम बाजारात भेटल्या अन् काळजीनं विचारलं, "आता बरं आहे का तुम्हाला?" भाजीची पिशवी हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, तर तो हसला. बायकोच्या जिवावर खातो म्हणाले असते लोक, म्हणाला. त्यानं कबूल केलं असतं, भांडला असता, तर एक वेळ राहिले असते. तो हसला, म्हणून मी बॅग भरली.

मोठ्या भावानं ठेवून घेतलं, पण एका बोलीवर. "दुकान चाललं तर राह्य इथी. नाई चाललं तर आपल्या घरी जाय. लोकं मले इचारतात." मी म्हटलं, चालवून दाखवते. लॅपटॉप जुना घेतला, टेबल बापाच्या वेळचं होतंच, अन् खरंच चालवून दाखवलं. त्या वैशाखात तर लग्नांची इतकी कामं होती की जेवायला फुरसत नव्हती. अन् नेमकं तेव्हाच हे झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला गाडीवर बसवून चंद्रपूरला घेऊन गेला. बाजारातलं मोठं रिपेअरिंगचं दुकान, काचेचं दार, आत एसी. काउंटरवरच्या माणसानं लॅपटॉप हातात घेतला, अन् तेव्हापासून तो फक्त भावाशी बोलला. काय सांडलं होतं, दादा? किती जुना आहे, दादा? भावाला काय माहीत? उत्तरं मी देत होते, अन् तो मान हलवत होता भावाकडे पाहून. ठेवून जा, म्हणाला, उघडून पाहतो.

आम्ही बाजारातली कामं करून परत आलो. लॅपटॉप काउंटरवरच होता.

"बोर्ड उडाला, दादा. काही राहिलं नाही त्यात. ताईंना नवीनच घेऊन द्या."

"उघडून पाह्यलं काय?" मी विचारलं.

"अनुभव आहे आमचा, ताई."

"अनुभव नाई इचारला. उघडून पाह्यलं काय?"

त्यानं पुन्हा भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "चाल वो, तमाशा नको करू." मी लॅपटॉप पालथा केला अन् त्या माणसाच्या नाकाखाली सरकवला. स्क्रूच्या प्रत्येक खाचेत खीर वाळून बसली होती, अन् वर आमच्या ढोलीचा कोंडा. पेचकस लागला असता तर तो तसा राहिला असता काय? एसीत बसलेली दोन गिऱ्हाइकंही वाकून पाहायला लागली.

तो माणूस आता माझ्याशी बोलला. "मग घेऊन जा, ताई. तुम्हीच करा."

"करतो," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आयटीआयमध्ये मोठे कॉम्प्युटर उघडून जोडले होते, लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता. पण शब्द गेला तो गेला, अन् खरं सांगायचं तर त्याचं तोंड पाहून बरंही वाटलं.

 घरी आल्यावर अंगणात उभा राहून भावानं फोन लावला. मी आत हातपाय धूत होते. मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलत होता, की आमच्याकडे टॉवर नसतो म्हणून, कोण जाणे. फोन माझ्या भासऱ्यांना होता, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला.

"दुकान बंद पडलं जी तिचं. रविवारी या. मी समजावून ठेवतो. घेऊन जा."

मी ओल्या पायांनी बाहेर आले. "कोणाले इचारून फोन केला?"

"ठरलं होतं ना आपलं?"

"दुकान बंद पडलं नाई. लॅपटॉप बंद पडला."

"एकच झालं. मी तुया दुश्मन आहो काय? उद्या आई नाई राह्यली, मी नाई राह्यलो, तर तू काय करशीन?"  तो वाईट माणूस नाही. माझ्या काळजीनंच त्याची झोप उडाली होती, हे मला दिसत होतं. पण काळजी करणारा माणूस विचारल्याशिवाय आपलं बोचकं बांधून ठेवतो, याचाच मला जास्त संताप येतो.

रविवार यायला थोडे दिवस होते. मी कामाला लागले. घरातला पेचकस त्या बारीक स्क्रूंना बसेना, म्हणून स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडून त्याचा सेट मागून आणला. सर्किट साफ करायचं स्पिरिटही त्याच्याचकडून घेतलं. बाटली पाहून भाऊ म्हणाला, "स्पिरिट कायले आणलं? मोहाची आणून देतो पहिल्या धारेची." आमच्या घरात पंचशील, दारू उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणजे ही थट्टा होती. त्या फोननंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. मला अजून राग होता.

नाव चुकलेला एका लग्नाचा फ्लेक्स पडून होता. तो मी जमिनीवर उलटा अंथरला, पांढऱ्या बाजूवर मार्करनं लॅपटॉपचा आकार काढला, अन् जो स्क्रू जिथून निघाला तिथंच त्या चित्रावर ठेवत गेले. काही लांब, काही आखूड, एकही सारखा नाही. कूलर बंद केला, नाही तर सगळे उडाले असते. घामानं डोळे चुरचुरत होते. मागचं झाकण नखानं सोडवत सोडवत उचललं, अन् आतून लाल मुंग्यांची फौज बाहेर आली.

आई दारात बसून पाहत होती. मुंग्या होत्या, कोंड्याचे पुंजके होते, आठ-दहा धानाचे दाणे होते, धान्यातला एक जिवंत सोंडकिडा होता, अन् पंख्याच्या पात्यांमध्ये एक चारोळी अडकून बसली होती. मला हसू आलं. आईला रडू आलं.

"मीच तुयं घर मोडलं," ती म्हणाली. "आधी तिथी देल्लं तेव्हा, अन् आता हे."

त्या स्थळासाठी तिनंच हट्ट धरला होता, शिकलेलं घर आहे म्हणून. ते ती इतके दिवस पोटात घेऊन बसली होती, हे मला माहीत नव्हतं. मी पेचकस खाली ठेवला अन् तिच्याजवळ जाऊन बसले. "घर नाई मोडलं, आई. लॅपटॉप बिघडला आहे. अन् तो मी करून राह्यली ना? तू मुंग्या झटक." तिनं डोळे पुसले, अन् त्या मुंग्या पदरानं झटकायला लागली. मी म्हटलं पदरानं नको, तर फुंकर मारायला लागली.

बॅटरीची पिन काढली. मग बोर्ड. खिरीचा साखरेचा थर सगळीकडे, काचेसारखा कडक. स्पिरिट लावून घासलं, जागचा हलेना. तेव्हा आठवलं की साखर स्पिरिटात विरघळत नाही, ती पाण्यातच विरघळते. पण नळाचं पाणी घातलं तर त्यातले क्षार बोर्डावर बसणार. भावाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी शेडमध्ये होतं. कॅनवर नीट वाचून पाहिलं की पाणीच आहे, ॲसिड नाही, अन् घेऊन आले. भाऊ मागे मागे आला.

"पाण्यानंच तर मेला ना तो? अन् तू अजून पाणीच टाकते?"

"टॉर्च पकड," मी म्हटलं.

त्यानं पकडला. मी मऊ ब्रशनं, जुन्याच पण धुतलेल्या, थोडं थोडं पाणी लावून साखर सोडवत गेले. मग स्पिरिट, पाणी उडून जावं म्हणून. मग परत पाणी, परत स्पिरिट. एका कोपऱ्यात बोर्डातल्या तांब्यावर हिरवं धरायला लागलं होतं, ते निघेपर्यंत भाऊ वाकून होता. "इथी राह्यलं थोडं," म्हणाला एकदा. "बाजूले दाखव," म्हटलं तर दाखवलं. एवढंच बोललो आम्ही.

वाळवण्यावरून आई अन् माझं वाजलं. ती म्हणे छपराच्या टिनावर घालू, मोहफूल वाळते, कुरड्या वाळतात, हा नाही वाळणार काय? वैशाखातल्या आमच्या टिनावर लॅपटॉप ठेवला असता तर त्याच्या बटणांचं पाणी झालं असतं. मी सावलीत, पंख्यासमोर ठेवला अन् आईला त्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. या मधल्या दिवसांत गिऱ्हाइकं येत होती. सोमवारी घेऊन जा, मी सगळ्यांना सांगत होते, अन् भाऊ ऐकत होता.

शनिवारी जोडला. सगळे स्क्रू परत गेले, एकही उरला नाही, याचाच मला केवढा अभिमान. बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. स्क्रीन काळी. बंद केला, परत लावला. काळी. मी तो बाजूला ठेवला अन् रडले, रागानं रडले, त्या चंद्रपूरवाल्याचं खरं निघतं की काय म्हणून. मग जेवले. उपाशीपोटी हार मानायची माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी परत उघडला. मेमरीची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर काळपट डाग दिसत होते. शाळेचं साधं खोडरबर घेतलं अन् ते डाग घासून घासून काढले, स्पिरिटनं पुसलं, पट्टी परत खट् आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबलं. पांढरी रेघ आली, सगळं सुरू झालं, फाइल उघडली तर माझं अर्धवट राहिलेलं डिझाइन, नवरा-नवरीचे फोटो, खाली "आपले नम्र". कीबोर्डची निम्मी बटणं मेली होती. मोबाईलवाल्याकडून बाहेरून लावायचा कीबोर्ड आणला अन् तसंच काम सुरू केलं.

भासरे उन्हं चढता चढता आले, एकटेच, मोटरसायकलवर. ज्याला बायको पाहिजे होती तो आलाच नव्हता. दुकानातल्याच खुर्चीवर कूलरसमोर बसले. आईनं पाणी दिलं, चहा दिला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, यंदा ऊन फार आहे वगैरे. मग भावानं घसा साफ केला. मी त्याच्याकडे पाहत होते. त्याचा चेहरा फुलला होता.

"भाऊ, तुमाले फुकटचा तरास झाला. लॅपटॉप चालू झाला जी. तिनं स्वताच केला, दुकानवाल्यानं फेकून द्या मनलं होतं. तं आता ती राह्यते इथीच. बोलीच तशी होती आमची."

खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. भाऊ माझ्या बाजूनं बोलत होता, तेही अभिमानानं. अन् माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मी कशासाठी घाम गाळत होते? एक मशीन चालू आहे की नाही यावर मी कुठे राहायचं ते ठरणार होतं, अन् मी ते मान्य करून मान खाली घालून ब्रश घासत बसले होते.

"चालू झाला मनून नाई राहात मी," मी म्हटलं.

भाऊ गोंधळला. "तेच तं मी सांगून राह्यलो."

"तेच नाई. निम्मा कीबोर्ड गेला आहे याचा. मंग निम्मी जाऊ काय मी यांच्यासंगं?" मी लॅपटॉपचं झाकण लावलं, म्हणजे कोणाची नजर त्याच्याकडे जाऊ नये. "हा बंद पडला असता तरी मी गेली नसती. उद्या पडला तरी जाणार नाई."

भासरे समजुतीच्या सुरात बोलले, मोठी माणसं बोलतात तसं. "पण काऊन, बाई? त्यानं तुले कधी हात लावला काय? काय कमी होती तुले?"

"माया नोकरीवर जाऊन त्यानं नाई मनून सांगतलं, अन् मले खोटं सांगतलं. तुमाले माहीत होतं काय, भाऊ?"

भासरे कपात पाहायला लागले. त्यांना माहीत होतं. अख्ख्या घराला माहीत होतं, मी रोज सकाळी त्यांना चहा देत होते तेव्हाही.

"झालं गेलं आता," ते म्हणाले. "माणूस चुकते."

"चुकते ना. मंग त्यानं इथी येऊन सांगावं. तुमाले काऊन पाठवलं?"

 भाऊ मला खुणेनं गप्प राह्य म्हणत होता. तेवढ्यात आई पुढे आली. माझ्या लग्नात अन् त्यानंतरच्या कोणत्याही बैठकीत पुरुषांसमोर तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं भासऱ्यांच्या हातातून कप घेतला. रिकामा होता की नव्हता, तिनं पाहिलं नाही.

"निघा आता, भाऊ," ती म्हणाली. "ऊन तापते मंग. माया पोरीले काम आहे."

ते गेले. भाऊ मग माझ्याकडे वळला. "मी तुयाच बाजूनं बोलत होतो ना?"

"बोलत होता. पण ते बोलीचं काढू नको परत. ती बोली मी मोडली."

भाऊ शेडकडे गेला अन् उगीच ट्रॅक्टरची चाकं धूत बसला. मी झाकण उघडलं अन् त्या नवरा-नवरीचा फ्लेक्स पूर्ण केला.

लॅपटॉप पुढचा पावसाळा उतरेपर्यंत चालला. मग एका दुपारी बसला तो बसलाच. उघडला, पुसला, खोडरबर घासलं, सगळं केलं, पण या वेळी खरंच बोर्ड गेला होता. दुकान बरेच दिवस बंद राहिलं. शटर खाली असायचं अन् मी भरदिवसा घरात असायची, धान निवडत, आईशी भांडत. गावातले विचारायचे, आता काय? भाऊ रोज जाता-येता ते शटर पाहायचा. त्यानं कोणालाही फोन केला नाही.